अमुक झालं की तमुक

ललित खंडारेने श्यामशी फोनवर बोलण्यात जाणारा वेळ वाचवायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या मनात काहीही वाईट नव्हतं, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. वाईट मनाच्या माणसाकडून एवढं नुकसान होत नसतं, कारण त्याच्यापाशी तेवढी चिकाटी नसते. सुधारणा करायला निघालेला सज्जन माणूस मात्र थांबत नाही. त्यात तो कॉम्प्युटरवाला असेल, तर शेजारीपाजारीही सुटत नाहीत.

ललित अमरावतीत साईनगरात राहायचा आणि श्याम म्हैसने अकोल्यात जठारपेठेत. दोघांची मिळून एक सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन घरांतली दोन टेबलं. चांदूर बाजारकडच्या संत्रा बागायतदारांच्या एका संघासाठी त्यांनी मोबाइलचं अ‍ॅप केलं होतं. कुणाच्या बागेत तोड कधी, कुणाची गाडी कुठे, कुणाचा माल आधी उतरवायचा, हे सगळं त्यावर ठरायचं. अ‍ॅपचा कोड इंटरनेटवर दोघांच्या सामायिक जागेत ठेवलेला असे. या जागेला ते रेपो म्हणत. एकाने रेपोत बदल टाकला की दुसऱ्याने तो वाचायचा, 'हो' म्हणायचं, आणि मगच तो बागायतदारांच्या मोबाइलवर जायचा. कंपनीची शिस्त एवढीच, आणि तीही फोनवर चालायची.

ललित म्हणायचा, "टाकलं बे रेपोत, पाहून घेजो." श्याम म्हणायचा, "पाहतो ना. आईचे गुडघे काय म्हणतात?" मग गुडघे, गुडघ्यांवरून डॉक्टर, डॉक्टरवरून त्याचा साळा, साळ्यावरून अकोल्याचं ऊन, आणि अमरावतीचं ऊन त्यापेक्षा कसं सभ्य असतं, असं करत करत चहा थंड झाल्यावर श्यामला कामाची आठवण व्हायची. "बाकी बरोबर हाय, पण खालच्या ओळीत माती खाल्ली तू," असं तो सांगायचा. माती खाल्लेली असायचीच. ललित ती दुरुस्त करायचा आणि बदल पुढे जायचा. वर्षानुवर्षं असं चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. पण न अडणाऱ्या गोष्टीकडे शिकलेल्या माणसाने टक लावून पाहिलं की तिच्यात दोष दिसायला लागतो.

ललितला तो एका ऑनलाइन व्याख्यानात दिसला. रेपोला म्हणे नियम शिकवता येतात. अमुक झालं की तमुक कर, एवढं लिहून ठेवायचं. बदल आला की तपास, तपासला की शिक्का मार, चूक निघाली की परत पाठव. माणसाने मध्ये पडायचं कारणच नाही. व्याख्याता सांगत होता की माणसाचा निम्मा दिवस बोलण्यात जातो. ललितला आपले सगळे थंड झालेले चहा आठवले आणि त्याचे डोळे उघडले.

नियम करायला तो बसला तेव्हा मागे त्याचे वडील, धर्मपालजी, पेपर वाचत होते. धर्मपालजी एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेतून निवृत्त झालेले. मुलगा दिवसभर खुर्चीत बसून नेमकं काय करतो, हे त्यांना आजवर कळलेलं नव्हतं आणि विचारायची चोरी होती. आज त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हंजे कागद आला का नोंदवाचा, छाननी कराची आन पुढं पाठवाचा, हेच ना?"

"हेच."

"मंग सरळ सांग ना, आवक-जावक करून राहिलो म्हणून." त्यांनी पेपरची घडी घातली आणि खुर्ची ओढून घेतली. मुलाच्या धंद्यात आपल्याला काही समजतं, हा शोध त्यांना निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी लागला होता. ललितलाही ते पाहून बरं वाटलं, आणि पुढच्या साऱ्या प्रकाराला या बरं वाटण्याचाच पाया होता.

धर्मपालजी सांगत गेले आणि ललित नियम लिहीत गेला. काहीही आलं की आधी पोच द्यायची. तक्रार असेल तर ती पुन्हा कशी घडते ते टप्प्याटप्प्याने मागवायचं, सोबत फोटो मागायचा, आणि मुदतीत आलं नाही तर प्रकरण निकाली काढायचं. ज्या शाखेची बाब, म्हणजे अमरावतीची की अकोल्याची, तिच्याकडेच ती वर्ग करायची. अ‍ॅप बंद पडल्याचा उल्लेख नसेल तर बाब किरकोळ समजायची. "आन किरकोळ बाबी सायबापर्यंत न्याच्या नाही," धर्मपालजी म्हणाले. "सायबाचं डोकं शांत राह्यलं पाह्यजे." साहेब म्हणजे आपण, हे लक्षात आल्यावर ललितने तोही नियम घातला.

कुंपणाच्या भिंतीपलीकडून महादेवराव हे ऐकत होते. साईनगरात घर आणि चांदूर बाजारला संत्र्याची बाग, शिवाय त्याच संघाचे अध्यक्ष, त्यामुळे ललितच्या घरात काय चाललंय हे ऐकणं ते आपलं कर्तव्य मानत. "ललितबाबू, आमी कुत्र्याले असाच नियम शिकवला होता," ते म्हणाले. "कोनी आलं का भुंक. तं ते मी आलो तरी भुंके. त्याची काय चुकी? मी बी कोनीतरी होतोच ना." ललित हसला. इंजिनिअर माणूस शेजाऱ्याच्या कुत्र्यावरून धडा घेत नसतो.

नियम लागू झाले त्या दिवशी श्यामने नेहमीसारखा एक बदल टाकला आणि क्षणात त्याला उत्तर गेलं: 'महोदय, आपला बदल या कार्यालयास प्राप्त झाला आहे. पुढील कार्यवाही यथावकाश करण्यात येईल.' पाठोपाठ श्यामचा फोन आला.

"ललित्या, हा महोदय कोन हाय बे?"

"तूच."

"आन कार्यालय?"

"मी." ललितने मग त्याला सगळं समजावलं. आता फोनची गरजच नाही. तुझाही वेळ वाचेल, माझाही. "जे काय असन ते रेपोत टाकत जाय. सगळं नोंदीत राह्यते."

"काही बी?"

"काही बी."

 श्याम म्हणाला, "बरं सायब." वऱ्हाडात लंगोटीयार साहेब म्हणाला की समजावं, काहीतरी दुखावलं आहे. ललितला ते कळायला हवं होतं. पण तो त्या वेळी वाचलेल्या वेळेचं काय करावं या विचारात होता.

चारदोन दिवसांत श्यामनेही आपले नियम घातले. अमरावतीहून काहीही आलं की लगेच उत्तर जायचं: 'जरा थांब. पाहून राहिलो.' आणि ललितचा नियम कोडच्या ओळींपुढे ज्या मोकळ्या जागा सोडायचा, त्या श्यामचा नियम आपल्या पद्धतीने बदलून टाकायचा. ओळींपुढे जागा किती आणि कशी सोडावी, यावर या धंद्यातल्या माणसांची घरं फुटलेली आहेत. आजवर हे भांडण दोघं फोनवर हसत हसत करायचे. आता ते नियमांकडे सोपवलं गेलं, आणि नियमांना हसता येत नाही.

एका रविवारी सकाळी ते जुंपलं. ललितच्या नियमाने ओळी सरळ केल्या. हा बदल झाला, म्हणून श्यामचा नियम जागा झाला आणि त्याने त्या परत मागे घेतल्या. हाही बदलच, म्हणून पुन्हा ललितचा नियम उठला. किरकोळ दुरुस्तीला कुणाचं 'हो' लागू नये, अशी सवलत दोघांनीही आपापल्या नियमांना देऊन ठेवली होती. त्यामुळे प्रत्येक वेळी अ‍ॅपची नवी आवृत्ती तयार होत होती, आणि नवी आवृत्ती आली की बागायतदारांना कळवायचं, हा तर ललितचा सगळ्यात लाडका नियम.

भिंतीपलीकडून महादेवरावांचा आवाज आला तेव्हा ललित पोहे खात होता. महादेवराव मोबाइल हातभर लांब धरून उभे होते. "बागायतदार बंधूंनो, अ‍ॅपमध्ये आपल्या सोयीसाठी सुधारणा करण्यात आली आहे," त्यांनी वाचलं. मोबाइल पुन्हा वाजला. त्यांनी पुन्हा तेच वाचलं. "ललितबाबू, सकाळपासून लय सोय झाली. फोन तापून गेला. आता पुरे करा. अध्यक्ष मी हाओ, लोक मले शिव्या देऊन राहिले."

ललितने निरोपांचा नियम घाईघाईने बंद केला. ओळींचा नियमही बंद करता आला असता. पण मग श्यामची पद्धत जिंकली असती. आधी त्याने माघार घ्यावी, असं ललितला वाटलं. त्याने रेपोत लिहिलं, 'श्याम, तुझा नियम बंद कर.' तत्काळ उत्तर आलं, 'जरा थांब. पाहून राहिलो.'

ललितने वाट पाहिली. मग पानभर लिहिलं. त्यात तत्त्व होतं, मैत्री होती, आणि शेवटी थोडी धमकी होती. पानभर मजकूर वाचायला लागणारा वेळही न घेता उत्तर आलं, 'जरा थांब. पाहून राहिलो.' नाव श्यामचं, भाषा श्यामची. इतक्या तत्परतेने श्यामने आयुष्यात कधी कुणाला उत्तर दिलं नव्हतं. यावरून तो आपल्यावर किती चिडला असेल, याचा ललितने अंदाज बांधला आणि तोही तितकाच चिडला.

माया, त्याची बायको, शाळेत शिकवून आली की हे सगळं तिला ऐकावं लागे. "एक फोन करून पाहा ना," ती म्हणाली.

"त्यानं कराव."

"तुमीच नको म्हणलं होतं ना त्याइले?"

हा मुद्दा बरोबर होता, म्हणूनच ललितला तो आवडला नाही. धर्मपालजींनी स्मरणपत्र पाठवायचा सल्ला दिला. स्मरणपत्र गेलं, मग दुसरं गेलं, मग 'अंतिम' असं ठळक लिहून तिसरं गेलं. प्रत्येकाला श्यामने थांबायला सांगितलं. दिवस जात राहिले आणि ललितच्या मनात एक वाक्य पक्कं होत गेलं: आता वेगळं झालेलंच बरं. ते वाक्य मनात आलं की तो मोबाइलवर श्यामचा नंबर काढायचा आणि मोबाइल उपडा ठेवून द्यायचा. श्यामशिवाय काम त्याने कधी केलंच नव्हतं, आणि कामाशिवाय श्याम कसा असतो हे तो विसरत चालला होता. पण मानी माणूस असलं काही कुणाला सांगत नाही. तो फक्त भाजीत मीठ कमी असल्याचं सांगतो.

अशात ऐन तोडीच्या दिवसांत अ‍ॅपने दोन बागायतदारांना माल उतरवायची एकच वेळ दिली. दोघंही एकमेकांच्या गाडीसमोर आडवे उभे राहिले, मागे रांग लागली आणि संत्री उन्हात तापू लागली. ललितने चूक शोधून दुरुस्ती केली. पण या दुरुस्तीला श्यामचं 'हो' लागत होतं, तशी अट ललितने स्वतःच आपल्या नियमात लिहून ठेवलेली. रेपोने श्यामला विचारलं. श्यामने थांबायला सांगितलं.

महादेवराव या खेपेला भिंतीवरून बोलले नाहीत, फाटकातून आत आले. "तुमच्या दोघाईच्या तोंडात दगड पडले काय?" ते म्हणाले. "माल सडून राहिला तिकडं. अकोला काही लंडन नाही, बस पकडा आन जा. गाड्याईचं मी फोनवर पाहतो तवरोक."

ललित बसमध्ये बसला तो भांडायच्या तयारीने. मनात भाषण जुळवत होता. एरवी त्याच्या मनातसुद्धा वऱ्हाडीच चालायची, पण संबंध तोडायचे म्हणून तो आज शुद्ध मराठीत विचार करत होता. 'हे बघ श्याम, प्रत्येक नात्याला एक मर्यादा असते.' मूर्तिजापूरला बस थांबली, तो चहा प्यायला, आणि चहासोबत कुणाशी तरी बोलायची सवय असल्यामुळे त्याने शेजारच्या प्रवाशाला उन्हाबद्दल विचारलं. प्रवाशाने खिडकी लावून घेतली.

जठारपेठेत श्यामच्या बायकोने, चंदाने, दार उघडलं. तिने त्याला पाहिलं आणि ती बाजूला झाली. आत दिवाणावर दोन उशांना टेकून श्याम पडला होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, मनगटावर सलाईनच्या सुईचा हिरवानिळा डाग. 'हे बघ श्याम' हे शब्द ललितच्या तोंडात आले होते, ते तिथेच राहिले.

"या सायब," श्याम म्हणाला. "तपासणीले आले काय?"

"काय झालं बे तुले?"

"काय झालं म्हंजे? अटॅक आलता. नळीत जाळी बसवली. रेपोत टाकलं होतं ना मी."

ललित खुर्चीच्या काठावर बसला. श्यामला बोलायला दम लागत होता, पण गोष्ट सांगायची हौस दमापेक्षा मोठी होती. ओळींचं जुंपलं त्याच रविवारी, दवाखान्यात नेत असतानाच त्याने मोबाइलवरून टाकलं होतं: अटॅक आला, दवाखान्यात हाओ, येजो. ताबडतोब पोच मिळाली. 'महोदय, आपण कळवलेली त्रुटी पुन्हा कशी उद्भवते याचे टप्पे नमूद करावेत व पुराव्यादाखल छायाचित्र जोडावे.'

"आयसीयूतून बाहेर आलो आन ते वाचलं," श्याम म्हणाला. "मंग म्या बी म्हणलं, चाल. चंदाले सांगतलं, लिही. टप्पा पयला, जिना चढा. टप्पा दुसरा, अमरावतीचं पत्र वाचा. ईसीजीचा फोटो जोडला वरून. तं उत्तर काय आलं? पूर्तता झाली, बाब किरकोळ. आन अकोल्याची बाब म्हणून ती कोनाकडं वर्ग केली, सांग?"

ललितला ते माहीत होतं. नियम त्यानेच लिहिला होता. "तुह्याकडं," तो म्हणाला.

"माह्याकडं. मीच मले पाहाले जाव. मी गेलो नाही, तं मुदत संपली आन प्रकरण निकाली निघालं."

श्यामला हसू आवरेना. तो छातीवर हात दाबून हसत होता. ललितच्या घशातूनही एक आवाज निघाला, तो हसण्याचा की कशाचा, हे त्यालाच कळलं नाही. "पण तू तं उत्तर देऊन राह्यला होता," तो म्हणाला. "मी एवढं लिहिलं, तू म्हणे जरा थांब."

"मी? गड्या, मले तिथं पाणी बी नळीनं देत, मोबाइल चंदापाशी. तो नियम होता माहा. तुह्यावर राग होता म्हणून लावला होता, पन मनात होतं का दोन दिवसांत तू चिडून फोन करशीन."

म्हणजे इतके दिवस ललित ज्याच्याशी हाडवैराने भांडत होता, तो श्याम नव्हताच. आणि खरा श्याम ज्याला बोलावत होता, तो ललित नव्हता. मधल्या मध्ये दोन कारकून एकमेकांना कागद पाठवत बसले होते आणि माणूस तिकडे मरता मरता वाचला होता. ललितला लाज वाटली. साधी नाही, मान वर करू न देणारी.

चंदा हसली नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तुमी हासा," ती म्हणाली. "मी तिथं एकटीच होती, भाऊजी. डाक्टर कागदावर सही मांगे आन मी दाराकडं पाहो. मी म्हणलं ललितभाऊजीले फोन लावतो. तं हे म्हणे, नको, त्याले आता फोन आवडत नाही. रेपोत टाकलं हाय, येईन तो."

 "वहिनी, चुकलं माहं," ललित म्हणाला. चंदाने आत जाऊन पाण्याचा गडवा आणून त्याच्यापुढे ठेवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि ललितनेही ते गृहीत धरलं नाही.

त्याने घरी फोन करून सांगितलं. माया म्हणाली, "तिथंच राहा." मग धर्मपालजींनी तिच्या हातून फोन घेतला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "किरकोळ मीच लिहाले सांगतलं होतं," ते म्हणाले. "नोकरीत असताना किती लोकाईले लिहिलं असन बाप्पा." श्यामने पडल्या पडल्या मोबाइलवर ललितची दुरुस्ती वाचली, मान हलवली आणि तिला पुढे जाऊ दिलं. चांदूर बाजारची रांग हलली. दोघांनी आपापले नियम बंद केले, पण त्यात ललितला काही मोठं केल्यासारखं वाटलं नाही.

सकाळी श्यामला तपासणीला न्यायचं होतं. चंदा निघू लागली तर ललित म्हणाला, "वहिनी, तुमी आज बसा घरी, मी नेतो." तिने जरा विचार केला आणि औषधांची पिशवी त्याच्या हातात दिली.

दवाखान्यात गर्दी होती. ललितने श्यामला बाकावर बसवलं आणि तो नाव नोंदवायच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. आतल्या बाईंनी कॉम्प्युटरवरून नजर न काढता पेशंटचं नाव विचारलं, गाव विचारलं.

"सोबत कोण आहे?"

"मी. ललित खंडारे."

बाईंचा हात थांबला. त्यांनी पडद्यावरचं म्हैसने पाहिलं, मग ललितकडे पाहिलं. "पेशंटचे तुम्ही कोण?"

पार्टनर म्हणावं, असं ललितच्या मनात आलं. मित्रही म्हणता आलं असतं. पण आयसीयूच्या दारात ज्याची वाट पाहिली गेली आणि जो आलाच नाही, त्याने स्वतःला नेमकं काय म्हणवून घ्यावं, हे त्याला ठरवता येईना. तो खिडकीच्या कठड्याला धरून नुसता उभा राहिला आणि मागची रांग चुळबुळ करू लागली.

"भाऊ हाय तो माहा," मागून बाकावरून श्याम म्हणाला. "लिहा, बाई. उशिरा आला, पन भाऊ हाय."

बाईंनी तसं लिहून घेतलं आणि दोघांना आत जायला सांगितलं.